हात गुंतलेले असताना जे चालतं

गॅजेटचे रिव्ह्यू मी खूप बघते, रात्री जेवणं आटोपली की तासभर तेच चालू असतं, आणि त्यात एक गोष्ट मला सारखी खटकते की हे सगळे रिव्ह्यू टेबलासमोर बसून केलेले असतात. स्वच्छ टेबल, छान लाइट, दोन्ही हात रिकामे, नजर स्क्रीनवर. आपल्यातलं कोण असं वापरतं वस्तू? एका हातात पिशवी, दुसरा हात ट्रेनमधल्या हँडलला, नाहीतर हात कणकेने भरलेले, नाहीतर कडेवर पोर, आणि डोळे रस्त्यावर किंवा गॅसवर. म्हणून मी माझ्यापुरता एकच निकष ठरवलाय. ज्याने ही वस्तू बनवली त्याने वापरणाऱ्याचे हात आणि डोळे त्या वेळी कशात गुंतलेले असतात ते जाऊन बघितलं होतं का? बघितलेलं असलं की वस्तूत ते लगेच कळतं. बाकी रॅम किती आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे नंतर बघू.

या निकषावर गेल्या काही वर्षांतलं माझं सगळ्यात आवडतं गॅजेट कुठलं असेल तर ते माझ्याकडे नाहीचे, ते वडापावच्या गाडीवर आहे. साउंडबॉक्स. यूपीआय २०१६ मध्ये एनपीसीआय या पेमेंटची व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेने सुरू केलं, क्यूआर कोड सगळीकडे चिकटले, पण गाडीवाल्याची पंचाईत तशीच राहिली होती. त्याचे हात बेसनात, समोर आठ-दहा गिऱ्हाइकं उभी, आणि प्रत्येक जण मोबाइल पुढे करून म्हणतोय "दादा झालं बघा". आता हा माणूस हात पुसून प्रत्येकाची स्क्रीन कधी बघणार, बँकेचा मेसेज यायची वाट कधी बघणार, आणि दाखवलेली स्क्रीन खरी की कालचा स्क्रीनशॉट हे तरी कसं ओळखणार? आधी पेटीएमने हा डबा आणला मग फोनपे, भारतपे सगळ्यांनीच काढले, आणि डबा करतो काय तर फक्त बोलतो. एवढे एवढे रुपये मिळाले, तेही मराठीत. त्याचं स्वतःचं सिम असतं त्यामुळे मालकाचा फोन जवळ असायची गरज नाही, बॅटरी असते त्यामुळे गाडीवर लाइटचं कनेक्शन नसलं तरी चालतं.

आणि यातली मला सगळ्यात हुशार वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. पुष्कळदा गाडीवर मालक नसतो, कामाला ठेवलेला पोरगा असतो, बँकेला जोडलेला फोन मालकाच्या खिशात, मग पैसे आले की नाही हे त्या पोराला कळायला काही मार्गच नव्हता, दर गिऱ्हाइकामागे फोन लावायचा का मालकाला? आता डबा त्यालाही सांगतो आणि गिऱ्हाइकालाही, एकाच वेळी, कुणाच्या हातात काहीही नसताना. मालकाने आपला फोन किंवा पासवर्ड कुणाला द्यायची भानगडच उरली नाही. याचं महिन्याचं भाडं छोट्या गाडीवाल्याला जड जातं हे खरंय आणि त्याबद्दल त्यांची तक्रार अगदी रास्त आहे. शिवाय दवाखान्याच्या काउंटरवर सगळ्या वेटिंग रूमसमोर कुणी किती फी भरली ते मोठ्याने ऐकवणं मला बरोबर वाटत नाही, तिथे त्याचा आवाज बंद ठेवावा. पण गाडीवर, भाजी बाजारात, नारळपाणीवाल्याच्या हातात कोयता असताना? त्याला तोड नाही.

याच ओळीत यूपीआय १२३पे पण घ्यायला हवं, मार्च २०२२ मध्ये आलेलं. साध्या बटणांच्या फोनवरून, नेट नसताना, कॉल करून पैसे पाठवता येतात. त्याची जाहिरात फार कमी झाली असं माझं मत आहे, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या कितीतरी आजी-आजोबांना ही सोय आहे हेच माहीत नव्हतं.

आता ट्रेन. मी डोंबिवलीला राहते आणि आठवड्यातले काही दिवस ऑफिसला मुंबईत जाते, बाकीचे दिवस घरून काम. लोकलमध्ये सकाळी फोन धरायला एकच हात असतो, तोही पूर्ण नाही, कारण त्याच हाताच्या कोपराने पर्स धरलेली असते. आणि डबा भरला की नेट नावापुरतं उरतं. अशा ठिकाणी एम-इंडिकेटर हे लोकलच्या टाइमटेबलचं अ‍ॅप उघडतं आणि टाइमटेबल लगेच दिसतं, कारण ते फोनमध्येच साठवलेलं असतं. सचिन टेके यांनी २०१० मध्ये ते काढलं तेव्हा हातात कीपॅडचे साधे फोन होते आणि नेटपॅक ही चैन होती, त्यामुळे ऑफलाइन चालणं ही त्या अ‍ॅपची पहिली अटच होती, आणि पुढे स्मार्टफोन आले, फोरजी आलं तरी त्यांनी ते सोडलं नाही हे फार बरं केलं. आज कितीतरी अ‍ॅप अशी आहेत की साधी एक यादी बघायची तरी गोल गोल चक्र फिरत बसतं.

पण टाइमटेबल तर कागदावर पण मिळतं. त्या अ‍ॅपमध्ये मला जे भारी वाटतं ते म्हणजे स्टेशन कुठल्या बाजूला येणार ते दाखवतात. मुंबईबाहेरच्या माणसाला हे किरकोळ वाटेल. पण लोकल स्टेशनात थांबते जेमतेम वीस-तीस सेकंद, आणि गर्दीच्या डब्यात डाव्या दाराकडून उजव्या दाराकडे जायचं म्हणजे आधीच्या स्टेशनपासून "ठाणा उतरणार का, ठाणा?" करत सरकायला सुरुवात करावी लागते. चुकीच्या बाजूला उभे राहिलात तर उतरणं विसरा. ही माहिती अ‍ॅपमध्ये टाकायची हे फक्त त्यालाच सुचणार जो स्वतः असा घुसमटत उतरलेला आहे. रविवारच्या मेगाब्लॉकचं पण तसंच, शनिवारी रात्री आमच्या घरात कुठेही जायचं ठरलं की आधी ब्लॉक कुठल्या लाइनवर ते बघतात आणि मग साडी कुठली नेसायची ते.

आता एक जुनी वस्तू, जिला कुणी गॅजेटसुद्धा म्हणणार नाही. दुकानातला कॅल्क्युलेटर. आमच्या काकांचं किराणा दुकान आहे, तिथे काउंटरवर मोठ्या बटणांचा कॅसिओ असतो, तिरका डिस्प्ले, वरती छोटी सोलर पट्टी. काकांच्या खिशात चांगला स्मार्टफोन आहे, त्यात कॅल्क्युलेटर आहे, तरी हिशोब यावरच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अगं मोबाइलवर बघून बघून दाबावं लागतं. इथे बघायचं काय आहे?" आणि खरंच ते बघत नाहीत. डोळे वजनकाट्यावर नाहीतर गिऱ्हाइकाच्या पिशवीवर, आणि उजवा हात आपोआप चालू. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, बोटाला तो लागला की बाकीची सगळी बटणं कुठे आहेत हे हाताला कळतं. दोन शून्यांचं वेगळं बटण असतं, कारण दुकानात शंभर, पाचशे, बाराशे सारखेच लागतात.

आणि जीटी. हे बटण फार लोकांना माहीत नसतं म्हणून नीट सांगते. समजा गिऱ्हाइकाने ४५ चे तीन पुडे घेतले, ६२ ची दोन पाकिटं आणि १८ चे पाच साबण. तुम्ही ४५ गुणिले ३ बरोबर दाबलं, १३५ आले. मग ६२ गुणिले २ बरोबर, १२४. मग १८ गुणिले ५ बरोबर, ९०. आता जीटी दाबलं की ३४९, एकूण बेरीज हजर. मधे कुठे काही लिहून ठेवायचं नाही, कुठला आकडा लक्षात ठेवायचा नाही, मेमरी प्लस दाबायचं लक्षात ठेवायचं नाही, कारण "बरोबर" चं बटण तर माणूस दाबणारच असतो, मशीन त्याच वेळी प्रत्येक उत्तर बाजूला जमा करत जातं. म्हणजे माणूस आधीपासून जसं काम करतो त्यातच ते बसवलंय, त्याला नवीन काही शिकायला लावलं नाही. फोनमधल्या साध्या कॅल्क्युलेटरवर हाच हिशोब करायचा तर सगळं एका लांब ओळीत लिहावं लागतं आणि मधेच गिऱ्हाइकाने "साबण चारच द्या" म्हटलं की ती ओळ परत मागे जाऊन दुरुस्त करत बसा. मला फार वाटतं की जी मंडळी बिलिंगची अ‍ॅप बनवतात त्यांनी आधी महिनाभर अशा काउंटरच्या मागे उभं राहावं.

उलट बाजूला काय चाललंय ते बघा. घरातल्या प्रत्येक वस्तूवरून बटणं गायब करायची जणू शर्यत लागलीये. आमच्याकडे इंडक्शन शेगडी आहे, वर गुळगुळीत काच आणि तिच्यावर टच पॅनल. दिसायला सुंदर, पुसायला सोपी, मान्य. पण स्वयंपाक करताना बोट ओलं असतंच ना? ओलं बोट तिला कळत नाही, कोरडं करून परत दाबा, मग ती एक पायरी सोडून दोन पायऱ्या वर जाते. आणि ज्या क्षणी दूध वर येतं, म्हणजे ज्या क्षणी ती शेगडी झटक्यात कमी व्हायला हवी, नेमकं त्याच क्षणी दूध उतू जाऊन पॅनलवर सांडतं आणि पॅनल काही ऐकेनासं होतं. आईची नजर आता अधू झालीये, गॅसची कळ ती न बघता फिरवते, हाताला कळतं किती फिरली ते, पण या काचेवर तिला काहीच सापडत नाही कारण बोटाला लागेल असं तिथे काही नाहीचे. वॉशिंग मशीनचं पण तेच झालंय. अशा वेळी मला वस्तूचा राग येतो, आईची "मला नाही जमत बाई" हे वाक्य ऐकलं की जास्तच, कारण जमत नाहीये ते त्या मशीनला.

कुकर बघा ना. स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन कपडे वाळत घाला, फोनवर बोला, शिट्टी दुसऱ्या खोलीत ऐकू येते. आणि ज्या कुकरचं झाकण आतून बसतं त्यात वाफेचा दाबच झाकणाला घट्ट धरून ठेवतो, दाब असेपर्यंत ते उघडतच नाही. सुरक्षिततेसाठी वेगळं काही वाचायचं नाही, दाबायचं नाही.

बरं हे फक्त स्वयंपाकघरापुरतं नाही. गाड्यांमध्ये पण मोठमोठ्या स्क्रीन लावून बटणं काढून टाकायची पद्धत पडली होती, आणि आता युरोपात गाड्यांची सेफ्टी तपासणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि मदतीसाठीचा एसओएस कॉल यांच्यासाठी खरी, हाताला लागणारी बटणं किंवा दांडे असावेत अशा निकषावर आलीये, पाच तारे हवे असतील तर ते लागणार. मला हे वाचून फार आनंद झाला. चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असायला हवेत ही इतकी उघड गोष्ट आहे, आणि भर पावसात वायपरचा स्पीड वाढवायला स्क्रीनमधला मेन्यू शोधायला लावणं हे डिझाइन नाही, हा धोका आहे.

डोळ्यांवरून आठवलं, आपल्या नोटांचंच घ्या. नवीन नोटांमध्ये १०० ची लांबी १४२ मिलिमीटर, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. चार-चार मिलिमीटरचा फरक, आणि रुंदी तिन्हींची सारखी. ज्यांना दिसत नाही त्यांनी हे बोटांनी ओळखायचं? कडेला तिरक्या उठावाच्या रेषा दिल्यात, १०० ला चार, ५०० ला पाच, पण नोट जुनी झाली, घामाने मऊ पडली की तो उठाव पार जातो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये मनी नावाचं अ‍ॅप आणलं, त्यात नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ती कितीची आहे ते बोलून सांगतं, नेट नसताना सुद्धा, आणि आवाज नको असेल तिथे थरथरून पण सांगतं. घडी घातलेली नोट पण ओळखतं. (नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही, तो गैरसमज नको.) अ‍ॅप चांगलं आहे, मनापासून सांगते, पण मला अजूनही वाटतं की नोटांच्या लांबीतच पहिल्यापासून नीट फरक ठेवला असता तर रिक्षावाल्याला पैसे देताना कुणाला फोन काढावा लागला नसता.

आता माझ्या रोजच्या कामाचं. मी दिवसभर मराठीत टाइप करते, पोट त्याच्यावरच आहे, आणि याबाबतीत मला जे वाटतं ते जरा जास्तच जोरात वाटतं. बहुतेक लोक मराठी कसं लिहितात तर इंग्लिश अक्षरांत स्पेलिंग करून आणि खाली येणाऱ्या यादीतून हवा तो शब्द निवडून. चार ओळींच्या मेसेजला ठीक आहे. पण प्रत्येक शब्दाला नजर त्या यादीत जाते, पहिला आलेला शब्द बरोबर आहे का, ऱ्हस्व की दीर्घ, हे बघत बघत पुढे जायचं. दिवसाला आठ-दहा पानं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांचं आणि मानेचं काय होतं ते मी ऑफिसात बघतेय.

इन्स्क्रिप्ट नावाचा कीबोर्ड आपल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये फुकट पडलेला आहे, विंडोज असो, मॅक असो की लिनक्स. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो ठरवला, १९९१ मध्ये भारतीय मानकात पण आला. तो इतका नीट विचार करून केलाय की मी शिकले तेव्हा मला अक्षरशः भरून आलं होतं. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. आपण बोलतो कसं? व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर. म्हणजे "काका" लिहा, "पुरी" लिहा, "किती" लिहा, उजवा-डावा-उजवा-डावा असे हात आलटून पालटून पडतात, एकाच हातावर भार नाही. क आणि ख एकाच बटणावर, ख साठी फक्त शिफ्ट. ग-घ तसेच, त-थ तसेच, प-फ तसेच. म्हणजे पहिलीत जी वर्णमाला पाठ केली तिच्यातलं अर्धं काम आधीच झालेलं असतं. मात्रेच्या बटणावर शिफ्ट दाबलं की तोच पूर्ण स्वर येतो. पहिली वेलांटी कागदावर क च्या आधी येते, पण टाइप करताना आधी क आणि मग वेलांटी, जसं बोलतो तसंच, ती आपोआप पुढे जाऊन बसते. ल वर शिफ्ट धरलं की ळ. र वर शिफ्ट धरलं की ऱ, म्हणजे "दऱ्या" मधला, जो मराठीला लागतोच. आणि हीच बटणं गुजराती, बंगाली, कन्नड, तमिळला, त्या त्या लिपीत क त्याच जागी. एकदा हाताला बसलं की दुसऱ्या लिपीत पण निम्मी वाट झालेली असते.

लोक म्हणतात बटणांवर अक्षरं छापलेली नसतात मग कसं शिकणार. पण तेच तर हवंय! छापलेली नसली की खाली बघायची सवयच लागत नाही. इंग्लिशच्या एफ आणि जे वर जे दोन उंचवटे असतात त्यांच्यावर पहिली बोटं ठेवायची, काकांच्या कॅल्क्युलेटरवरच्या पाचसारखेच ते, आणि नजर स्क्रीनवर किंवा समोरच्या कागदावर. ज्यांचा हात वर्षानुवर्षं जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलाय त्यांनी बदलावं असं मी म्हणणार नाही, पण ज्यांनी अजून कुठलीच मांडणी शिकलेली नाही त्यांनी पहिल्यापासून हीच शिकावी. सुरुवातीला वेग रडवेला असतो, तो काळ काढावा लागतो, पण नंतर डोक्यात वाक्य आलं की बोटांत येतं, मधे यादी नाही, निवड नाही.

घरून काम करताना आणखी एक वस्तू मला आवडते ती म्हणजे बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, आयआयटी मुंबईच्या मुलांनी सुरू केलेल्या अ‍ॅटमबर्गमुळे हे पंखे घराघरात गेले. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, हे २८ ते ३५. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर फरक कळतो. फक्त घेताना बघून घ्या की भिंतीवरच्या बटणावरून पण त्याचा स्पीड बदलतो का, कारण रिमोट अंथरुणात हरवतो आणि पाहुण्यांना तो कुठे असतो ते कसं कळणार.

राहता राहिला फोनवरचा मराठी कीबोर्ड, तिथे अजून मनासारखं काही मिळालेलं नाही. बोलून टाइप करायची सोय आता बरीच सुधारलीये, पण ट्रेनमध्ये चारचौघात आपला ऑफिसचा मेल कोण मोठ्याने वाचणार. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातून आलेला स्वरचक्र नावाचा कीबोर्ड होता त्यातली कल्पना मला अजूनही सगळ्यात सरस वाटते. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली, एका अक्षरावर अंगठा ठेवला की त्याच्याभोवती गोलात त्याची बाराखडी उमटते, क, का, कि, की, आणि अंगठा न उचलता हव्या त्या दिशेला सरकवायचा. एकाच अंगठ्याचं काम, आणि काही दिवसांनी का कुठे, कु कुठे हे दिशेने लक्षात राहतं. आजच्या मोठ्या कीबोर्डवाल्यांपैकी कुणीतरी ही पद्धत एक पर्याय म्हणून द्यावी, पुढचे शब्द सुचवायची त्यांची जी ताकद आहे ती तिच्या जोडीला लावावी, आणि चाचणी घ्यायला सकाळच्या लोकलमध्ये यावं, मी जागा धरून ठेवते.